प्लाझ्मा दिला, माणूस बरा झाला. मग ट्रायल ‘उपयोग नाही’ का म्हणते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2021 च्या एप्रिलमध्ये वडिलांना कोविड झाला, ऑक्सिजन लागला, रात्रभर फोन फिरवून तुम्ही प्लाझ्मा मिळवलात आणि ते बरे होऊन घरी आले. पुढच्याच महिन्यात प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून काढला गेला. कारण वाचलंत ते असं की ‘हायपोथिसिस टेस्टिंगमध्ये फरक आढळला नाही’. मग डोळ्यांनी पाहिलेलं खरं मानायचं की गणित? पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली की औषधाची 95 टक्के खात्री असते का? आणि आता आईच्या गुडघ्यांसाठी पीआरपी इंजेक्शनं (रुग्णाच्याच रक्तातून वेगळा काढलेला, प्लेटलेट जास्त असलेला भाग) सुचवली आहेत, क्लिनिकच्या माहितीपत्रकावर ‘पी 0.05 पेक्षा कमी’ असं छापलं आहे, ते कसं तपासायचं?

क्लिनिकल ट्रायलची आकडेवारी हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो. परिकल्पना चाचणी, म्हणजेच हायपोथिसिस टेस्टिंग, फक्त एका अरुंद प्रश्नाचं उत्तर देते: समोर दिसणारा फरक निव्वळ योगायोगानं पडू शकला असता का? ‘उपचार काम करतो का’ हा प्रश्न त्याहून बराच मोठा आहे. त्याचं बरंचसं उत्तर चाचणी लावण्याआधी, तुलना कुणाशी केली यात ठरून गेलेलं असतं. उरलेलं चाचणीनंतर, फरक किती मोठा, कशात आणि कुणात दिसला यातून कळतं. पी-व्हॅल्यू, म्हणजे या चाचणीतून निघणारा आकडा, या दोघांच्या मधे येते. लोक मात्र तेवढीच वाचतात.

तुमच्या वडिलांपासून सुरुवात करू. 2020 च्या उन्हाळ्यात प्लाझ्माकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. जूनमध्ये महाराष्ट्र सरकारनं ‘प्लॅटिना’ हा मोठा प्रकल्प सुरू केला. कोविडमधून बरे झालेले लोक रक्तपेढ्यांमध्ये जाऊन मनापासून दान करत होते. कल्पनाही पटण्यासारखी होती: बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी असतात, त्या आजाऱ्याला द्यायच्या. प्लाझ्मा दिलेली बहुतेक माणसं बरी होऊन घरी जात होती हेही खोटं नव्हतं.

पण प्लाझ्मा न दिलेल्यांचं काय होत होतं? त्याच काळात, 22 एप्रिल ते 14 जुलै 2020 दरम्यान, आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) देशभरातल्या 39 रुग्णालयांत ‘प्लासिड’ नावाची ट्रायल केली. मध्यम तीव्रतेच्या, म्हणजे ऑक्सिजन खाली गेलेल्या पण अजून अत्यवस्थ नसलेल्या 464 प्रौढ रुग्णांना त्यात घेतलं. 235 जणांना नेहमीच्या उपचारांसोबत 24 तासांच्या अंतरानं 200 मिली प्लाझ्माचे दोन डोस दिले, 229 जणांना फक्त नेहमीचे उपचार. प्लाझ्मा न मिळालेल्या या 229 पैकी 28 दिवसांत 31 जण दगावले. म्हणजे 198 जण, शंभरातले साडेशहाऐंशी, प्लाझ्माशिवाय जिवंत राहिले. त्या प्रत्येकाला प्लाझ्मा दिला असता तर प्रत्येक घरात आज तुमच्यासारखीच आठवण असती, आणि तीही तितकीच खरी वाटली असती.

तुमचे वडील प्लाझ्मामुळे वाचले की त्याच्याशिवायही वाचले असते, हे एकट्या त्यांच्याकडे पाहून कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. त्यासाठी तेच वडील, तोच दिवस, प्लाझ्माशिवाय, असं दुसरं आयुष्य लागतं. ते मिळत नाही म्हणून आपण गट घेतो. तुमची धावपळ त्यानं कमी मोलाची ठरत नाही. त्या दिवसांत हाती जे होतं ते तुम्ही केलंत.

नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठी उपचार न दिलेला गट, नसला की मोठा आकडाही फसवतो. अमेरिकेत त्याच वर्षी 35,000 हून अधिक रुग्णांना प्लाझ्मा दिल्याची नोंद झाली, पण त्यात प्लाझ्मा न दिलेला गटच नव्हता. जास्त अँटिबॉडी असलेला प्लाझ्मा मिळालेल्यांत सात दिवसांतला मृत्युदर 8.9 टक्के, कमी अँटिबॉडीवाल्यांत 13.7 टक्के, अशी तुलना आपापसातच केली गेली. 13.7 वरून 8.9 म्हणजे सापेक्ष घट 35 टक्के. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकी औषध नियामकाच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं की शंभर कोविड रुग्णांमागे 35 जणांचा जीव प्लाझ्मानं वाचला असता. दुसऱ्याच दिवशी त्यांना ते मागे घ्यावं लागलं, कारण प्रत्यक्ष फरक शंभरात पाचही नव्हता. आणि तो तरी प्लाझ्मामुळेच पडला असं म्हणायला जागा नव्हती. कुणाला कोणता प्लाझ्मा, किती लवकर मिळाला हे रुग्णालय, काळ आणि रुग्णाची तब्येत यांवर अवलंबून होतं. अशा आकड्यांवर चाचणी लावली तर पी-व्हॅल्यू हवी तेवढी लहान येईल. तुलना सदोष असेल तर सॅम्पल वाढवून दोष जात नाही, उलट तो जास्त ठामपणे सांगितला जातो.

म्हणून रँडमायझेशन. कुणाला प्लाझ्मा द्यायचा हे डॉक्टरांनी किंवा नातेवाइकांनी न ठरवता सोडतीनं ठरवायचं. सोडतीमुळे दोन गट वय, मधुमेह, आजाराची तीव्रता आणि आपल्याला सुचलेलीही नसतील अशा सगळ्या बाबतींत सरासरीनं सारखे होतात. मग फरक पडण्याची दोनच कारणं उरतात, उपचार किंवा सोडतीतला योगायोग. यातला योगायोग किती, हे मोजणं एवढंच चाचणीचं काम.

ते मोजतात कसं ते प्लासिडच्याच आकड्यांवर पाहू. प्रत्येक रुग्णाबद्दल मुख्य प्रश्न असा होता: 28 दिवसांत आजार गंभीर झाला किंवा मृत्यू आला का? प्लाझ्मा गटात असे 44 (19 टक्के), दुसऱ्या गटात 41 (18 टक्के). एकूण 85. आता असं धरून चालू की प्लाझ्मानं कुणाचंच काही बरंवाईट झालं नाही. हीच शून्य परिकल्पना. ती खरी असेल तर हे 85 जण कोणत्याही गटात गेले असते तरी त्यांची तब्येत बिघडलीच असती. 464 चिठ्ठ्या करा, 85 वर फुली मारा, नीट मिसळा आणि 235 चिठ्ठ्या बाजूला काढा. त्यांत सरासरी 43 फुल्या येतील. कधी 39, कधी 47. चारएक फुल्यांचा चढउतार अगदी नेहमीचा. प्रत्यक्षात आल्या 44. म्हणजे अपेक्षेपेक्षा एक रुग्ण जास्त. चिठ्ठ्यांचा हा खेळ पुन्हा पुन्हा केला तर दहापैकी सुमारे नऊ वेळा इतका किंवा याहून मोठा फरक आपोआप पडतो. ‘इतका किंवा याहून मोठा फरक किती वेळा पडेल’ याच प्रमाणाला पी-व्हॅल्यू म्हणतात. इथे ती 0.9 च्या आसपास. काई-स्क्वेअर, फिशरची एक्झॅक्ट टेस्ट, झेड-टेस्ट ही याच हिशोबाची वेगवेगळी सूत्रं आहेत, त्यामुळे उत्तरात थोडा उन्नीसबीस फरक येतो, अर्थ तोच राहतो.

समजा प्लाझ्मा गटात अपेक्षित 43 च्या जागी 30 फुल्या आल्या असत्या. चिठ्ठ्या मिसळून दोन्हीपैकी कोणत्याही दिशेनं इतका फरक हजारात दोन-तीन वेळाच पडतो. मग आपण म्हणालो असतो की योगायोगावर इतका भार टाकणं बरं नाही, प्लाझ्मानं काहीतरी केलं असावं.

आता तुमचा 95 टक्क्यांचा प्रश्न. वर काय केलं ते पुन्हा पाहा: ‘उपचार निरुपयोगी आहे’ हे आधी खरं मानलं आणि मग आकडे किती विचित्र आहेत ते मोजलं. त्यामुळे ‘उपचार निरुपयोगी असण्याची शक्यता 5 टक्के’ हा निष्कर्ष त्यातून निघूच शकत नाही. आपल्याला हवं असतं ते उलट दिशेचं उत्तर, आणि त्यासाठी उपचाराबद्दल आधीपासून किती आशा होती हेही धरावं लागतं. एक हिशोब करू. शंभर नवे उपचार तपासायला घेतले, त्यांतले खरोखर उपयोगी दहा. ट्रायल इतकी मोठी की खरा उपयोग असला तर दहापैकी आठ वेळा तो पकडेल. म्हणजे दहांपैकी आठ उपचारांत पी 0.05 च्या खाली येईल. उरलेल्या 90 निरुपयोगी उपचारांपैकीही 5 टक्के, म्हणजे चार-पाच, योगायोगानंच रेषेखाली येतील. ‘सिग्निफिकंट’ ठरलेल्या साडेबारांपैकी साडेचार खोटे, तिनांतल्या एकाहून थोडे जास्तच. ट्रायल लहान असेल आणि खरा उपयोग दहापैकी तीनदाच पकडत असेल तर खऱ्या तीनांमागे खोटे साडेचार. म्हणजे ‘सिद्ध’ झालेल्यांत निम्म्याहून अधिक चुकीचे. यात कुणाची लबाडी नाही, निव्वळ गणित आहे. साथीच्या दिवसांत लहान ट्रायलमधून रोज नवा चमत्कारी उपचार का निघत होता, ते इथे कळेल.

5 टक्क्यांच्या रेषेतही काही दैवी नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशरनं 1925 मध्ये ती सोयीची म्हणून सुचवली आणि पुढे तिचा नियम झाला. 0.049 आणि 0.051 यांत पुराव्याच्या दृष्टीनं काहीच फरक नसतो.

प्लासिडकडे परत येऊ, कारण सर्वांत जास्त गफलत इथे होते. पी 0.9 आली म्हणजे प्लाझ्मा निरुपयोगी ठरला का? एवढ्यावरून नाही. ‘फरक दिसला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्यांच्यातलं अंतर कळण्यासाठी मी पी-व्हॅल्यूआधी कॉन्फिडन्स इंटरव्हल पाहतो, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा. प्लासिडमध्ये दोन गटांतला फरक 0.8 टक्के होता आणि त्याचा 95 टक्के इंटरव्हल साधारण उणे 6 ते अधिक 8. म्हणजे शंभर रुग्णांमागे सहा जणांचं बिघडणं प्लाझ्मानं वाचवलं असेल किंवा आठ जणांचं वाढवलं असेल, दोन्ही शक्यता या आकड्यांशी जुळतात. मध्यम आजारी शंभर रुग्णांमागे सहा जण वाचणं ही काही छोटी गोष्ट नाही. प्लासिडनं प्लाझ्माचा मोठा, नाट्यमय फायदा मोडीत काढला. मध्यम फायद्याचा प्रश्न तिनं उघडाच ठेवला.

इथे सॅम्पल साइझचा मुद्दा येतो. 18 टक्क्यांवरून 9 टक्के, असा निम्मा फरक पकडायचा असेल आणि दहापैकी आठ वेळा तो हुकू नये असं वाटत असेल, तर प्रत्येक गटात सव्वादोनशेच्या आसपास रुग्ण पुरतात. प्लासिड याच मापाची होती. पण फरक 18 वरून 15 एवढाच असेल तर प्रत्येक गटात सुमारे 2,400 लागतात. फरक तिसऱ्या हिश्श्यावर आला की रुग्ण जवळजवळ अकरापट. संशोधकांना हे समजावताना माझा बराच वेळ जातो. हाताशी साठ रुग्ण आहेत म्हणून साठांची ट्रायल करायची आणि ‘पी 0.3, म्हणून उपयोग नाही’ असं लिहायचं, हे त्या साठ माणसांवर अन्याय करणारं आहे. त्यांनी सुया टोचून घेतल्या आणि प्रश्न होता तिथेच राहिला.

प्लाझ्माचा उघडा राहिलेला प्रश्न ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या प्रचंड ट्रायलनं बंद केला. जास्त अँटिबॉडी असलेला प्लाझ्मा निवडून 5,795 रुग्णांना दिला, 5,763 जणांना दिला नाही. 28 दिवसांत मृत्यू अनुक्रमे 1,399 आणि 1,408. दोन्हीकडे 24 टक्के. साध्या हिशोबानं फरकाचा इंटरव्हल आता उणे दोन ते अधिक सव्वा टक्का इतका आवळला गेला. ‘भारतातल्या प्लाझ्मात अँटिबॉडी कमी होत्या, म्हणून गुण आला नाही’ हा आक्षेप रास्त होता, पण त्याचंही उत्तर यात मिळालं. रुग्णालयात दाखल झालेल्या सर्वसाधारण कोविड रुग्णाला प्लाझ्मा वाचवत नाही, असं म्हणायला आता आधार होता. मे 2021 मध्ये भारतानं प्लाझ्मा यादीतून काढला तो या दोन्हींच्या जोरावर. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता, आणि उशिराच झाला. प्लासिडचा निकाल ऑक्टोबर 2020 मध्येच छापून आला होता. दुसऱ्या लाटेत रात्री-अपरात्री दात्यांच्या शोधात वणवण करणाऱ्या कुटुंबांचे ते तास वाचवता आले असते.

प्रश्न बदलला तर उत्तरही बदलू शकतं, हेही नोंदवतो. अर्जेंटिनात 160 वृद्धांना लक्षणं सुरू झाल्यापासून 72 तासांच्या आत प्लाझ्मा किंवा प्लासिबो (औषध नसलेलं, फक्त तुलनेसाठी दिलेलं द्रावण) दिला. गंभीर श्वसनविकार प्लाझ्मा गटात 80 पैकी 13 जणांना झाला, दुसऱ्या गटात 80 पैकी 25 जणांना. ट्रायल लहान आहे, ठरलेली रुग्णसंख्या गाठण्याआधीच थांबवलेली आहे, त्यामुळे मी तिच्यावर सगळा भार टाकणार नाही. पण आजाराचे पहिले तीन दिवस आणि ऑक्सिजन लागल्यानंतरचे दिवस हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचा निकाल दुसऱ्याला चिकटवू नये.

प्लासिडमधली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण बातम्या बहुतेक वेळा इथूनच जन्मतात. मुख्य प्रश्नात फरक नव्हता, पण सातव्या दिवशी धाप आणि थकवा गेलेल्यांचं प्रमाण प्लाझ्मा गटात जास्त होतं. धाप 76 विरुद्ध 66 टक्के, थकवा 73 विरुद्ध 60. विषाणूची चाचणी निगेटिव्ह येण्याचं प्रमाणही जास्त होतं, 68 विरुद्ध 55 टक्के. कुणालाही यातून ‘प्लाझ्मा गुणकारी’ असा मथळा करता आला असता. संशोधकांनी तो केला नाही याचं मला कौतुक वाटतं. पहिलं म्हणजे ही ट्रायल उघड होती, प्लासिबो नव्हता. रुग्णाला आणि डॉक्टरला कुणाला काय मिळालं ते माहीत होतं. थकवा हा रुग्णानं सांगायचा असतो, आणि हवा तो उपचार मिळाल्याच्या समाधानानंही तो हलका वाटतो. मृत्यूच्या नोंदीत असं होत नाही. दुसरं, विषाणू लवकर निगेटिव्ह होऊनही माणसं वाचली नसतील तर घरच्यांना त्याचा काय उपयोग? प्रयोगशाळेतला आकडा सुधारणं म्हणजे रुग्ण सुधारणं नव्हे. तिसरं, बरेच प्रश्न विचारले की एखादा योगायोगानं ‘सिग्निफिकंट’ निघतोच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस गोष्टी तपासल्या आणि उपचार पूर्ण निरुपयोगी असला तरी किमान एकात पी 0.05 च्या खाली येण्याची शक्यता 64 टक्के असते.

म्हणून मुख्य प्रश्न कोणता, हे रुग्ण घेण्याआधी लिहून ठेवायचं असतं. भारतात त्यासाठी सीटीआरआय ही सरकारी नोंदवही 2007 पासून आहे आणि 2009 पासून औषधांच्या ट्रायलची तिथे नोंद बंधनकारक आहे. कुणीही ती उघडून पाहू शकतं. छापलेल्या निबंधातला मुख्य प्रश्न आणि नोंदवहीतला मुख्य प्रश्न वेगळे दिसले तर मी तिथेच थांबतो.

उपचार खरोखर चालतो तेव्हा आकडे कसे दिसतात, ते त्याच रिकव्हरी ट्रायलमधल्या डेक्सामेथासोनमध्ये पाहता येईल. हे जुनं, स्वस्त, कुठल्याही तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळणारं स्टेरॉइड. 2,104 रुग्णांना दिलं, 4,321 जणांना दिलं नाही. 28 दिवसांतला मृत्युदर 22.9 विरुद्ध 25.7 टक्के. वयाचा फरक धरून केलेल्या विश्लेषणात पी 0.001 पेक्षाही कमी. पण खरं शिकण्यासारखं त्याच्या पुढे आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्युदर 41.4 वरून 29.3 वर आला. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत 26.2 वरून 23.3 वर. ऑक्सिजन न लागलेल्यांत मात्र औषध दिलेले 17.8 टक्के दगावले आणि न दिलेले 14 टक्के. या शेवटच्या गटात नुकसान सिद्ध झालं असं नाही म्हणता येणार, पण फायद्याचा मागमूस नव्हता.

‘डेक्सामेथासोननं जीव वाचतो’ एवढंच वाक्य लोकांपर्यंत पोचलं. 2021 मध्ये आपल्याकडे ऑक्सिजन उत्तम असलेल्या माणसांनी घरी, पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या. कुणाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळाल्या, कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यानंतर महाराष्ट्रानं म्युकरमायकोसिसची जी लाट पाहिली, माणसांचे डोळे आणि जबडे गेले, तिच्यामागे अनियंत्रित मधुमेहासोबत स्टेरॉइडचा बेसुमार वापर हेही मोठं कारण होतं. सरासरी निकाल बरोबर होता. तो कुणासाठी आहे, हे वाचलं गेलं नाही. या गोष्टीचं मला आजही फार वाईट वाटतं.

मग प्रत्येक निकालाचे असे पोटगट पाडत बसायचं का? तेही जपून. हार्ट अटॅकमध्ये अ‍ॅस्पिरिन देणाऱ्या ‘आयसिस-2’ ट्रायलमध्ये, 1988 साली, 17,187 रुग्ण होते आणि अ‍ॅस्पिरिननं मृत्यू 11.8 वरून 9.4 टक्क्यांवर आले. संशोधकांनी मुद्दाम राशींनुसार गट पाडून दाखवले, तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांत अ‍ॅस्पिरिन किंचित अपायकारक निघालं! पोटगटांत योगायोग कसा खेळतो ते दाखवण्यासाठीच त्यांनी हे केलं होतं. डेक्सामेथासोनचे गट वेगळे होते: ते आधी ठरवलेले होते, आजार जितका तीव्र तितका फायदा जास्त अशी चढती रांग होती, आणि शरीरात त्याला कारण होतं. उशिराच्या टप्प्यात फुप्फुसाचं नुकसान शरीराच्या स्वतःच्या दाहानं होतं, सुरुवातीला मात्र विषाणूशी लढायला तीच प्रतिकारशक्ती लागते.

काळाचाही एक मुद्दा आहे. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधली 1948 ची ट्रायल आमच्या क्षेत्रात पायाभूत मानतात. युद्धानंतर औषध तुटपुंजं होतं, त्यामुळे सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सोडत बंद पाकिटांत ठेवली आणि एक्स-रे वाचणाऱ्यांना कोण कोणत्या गटातला ते कळू दिलं नाही. सहा महिन्यांत औषध दिलेल्या 55 पैकी 4 जण दगावले, नुसत्या विश्रांतीवरच्या 52 पैकी 14. चिठ्ठ्यांच्या हिशोबानं औषध गटात नऊ-दहा मृत्यू अपेक्षित होते, झाले चार. योगायोगानं असं होण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. चाचणी स्पष्ट, फरक मोठा. पण पाच वर्षांनी मोजलं तेव्हा 55 पैकी 32 आणि 52 पैकी 35 जण गेलेले होते. अपेक्षित चौतीस, झाले बत्तीस. फरक जवळजवळ विरून गेला होता, कारण बहुतेकांच्या जंतूंनी औषधाला दाद देणं सोडलं होतं. सहा महिन्यांचा निकाल खोटा नव्हता. त्यानं फक्त सहा महिन्यांबद्दल सांगितलं होतं. पुढे पॅस आणि मग आयसोनियाझिड ही क्षयावरचीच दुसरी औषधं जोडून सगळी एकत्र द्यायला सुरुवात झाली तेव्हा क्षय खऱ्या अर्थानं बरा होऊ लागला.

आता आईचे गुडघे. माहितीपत्रकावरच्या ‘पी 0.05 पेक्षा कमी’ला विचारण्याचा पहिला प्रश्न: कुणाच्या तुलनेत? अशा पत्रकांत बहुतेक वेळा इंजेक्शनआधीचं दुखणं आणि सहा महिन्यांनंतरचं दुखणं, त्याच रुग्णांमध्ये, अशी तुलना असते. ती जवळपास नेहमीच ‘सिग्निफिकंट’ येते. गुडघेदुखी वरखाली होते, आणि माणूस इंजेक्शनाला तयार होतो तो दुखणं सर्वांत जास्त असतं तेव्हा. तिथून पुढे ते थोडं उतरणारच. त्यात सुईचा, डॉक्टरांच्या लक्षाचा आणि मोजलेल्या पैशांचा परिणाम. ही पी-व्हॅल्यू फक्त एवढंच सांगते की दुखणं कमी झालं, ते कशानं याबद्दल ती काहीच बोलत नाही.

ऑस्ट्रेलियात 2021 मध्ये छापलेल्या ‘रिस्टोअर’ ट्रायलनं हाच प्रश्न नीट विचारला. गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेले 288 लोक. निम्म्यांना पीआरपीची तीन इंजेक्शनं, निम्म्यांना तशीच तीन, पण सलाईनची. कुणाला काय दिलं हे रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षभरानं दहापैकी मोजलेलं दुखणं पीआरपी गटात 2.1 नं उतरलं आणि सलाईन गटात 1.8 नं. पी 0.17, आणि फरकाचा इंटरव्हल साधारण 0.9 नं बरं ते 0.2 नं वाईट. इथे इंटरव्हलचं सर्वांत चांगलं टोक धरलं तरी दहात एकाहून कमीच सुधारणा होते, जी आईला जिना चढताना जाणवेल की नाही याची मला शंका आहे. पत्रकवाल्यांनी फक्त 2.1 ची सुधारणा छापली असती तर पी-व्हॅल्यू झकास दिसली असती, आणि त्यातली बहुतेक सुधारणा मिठाच्या पाण्यानंही झाली हे कुठेच दिसलं नसतं.

डॉक्टरांना विचारा: पत्रकातला अभ्यास सलाईनच्या इंजेक्शनाशी तुलना करून होता का, रुग्णांपासून ते लपवलेलं होतं का, फरक दहापैकी किती गुणांचा आणि किती महिन्यांनी मोजला, आणि अभ्यासातल्या लोकांची झीज आईच्या एक्स-रेइतकीच होती का. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. दरम्यान मांडीच्या स्नायूंचे व्यायाम एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवायला आजच सुरुवात करा. त्या दोन्हींचा फायदा नियंत्रण गट ठेवून केलेल्या अनेक ट्रायलमध्ये दिसलेला आहे, आणि इंजेक्शनांचा निर्णय काहीही झाला तरी ते आईला लागणारच आहेत.